तांबडीच्या खाली

रावजी विहीरवाल्याला विहिरीत उतरताना ज्यानं पाहिलं नाही, त्याची चौलकडची निम्मी गंमत हुकली म्हणायची. माणूस उंचीनं बेताचा, पाय थोडे फेंगडे, आणि काठावर असला की तोंडातून शब्द काढील तर शपथ. पण दोराला धरून एकदा खाली गेला की असा गप्पा मारत सुटायचा की वरची माणसं ओणवी होऊन ऐकत राहायची. परक्याला वाटावं, खाली याचा कुणी सोयरा बसलाय. तसा बसलेलाच होता म्हणा. दगड.

"माती सपली, मुरूम लागला," खालून आवाज यायचा. "मुरूम म्हंजी काय, तर म्हातारा झाल्याला दगड. दात पडल्यात, हाडं भुसभुशीत. आनखी म्हातारा झाला का माती व्हनार. आपल्यासारकाच."

मुरुमाखाली मांजऱ्या लागायचा, भोकाभोकांचा, भोकांत पांढरे खडे बसलेला. त्याखाली काळा पाषाण. त्यावर पहार मारली की देवळातली घंटा वाजल्यासारखी खणखणायची. त्या काळ्याच्या भेगांतून पाणी पाझरू लागलं की रावजीचा आवाज आपोआप खाली यायचा, पाहुण्यांच्या घरात बोलावं तसा. कारण आता तांबडी जवळ आली.

तांबडी म्हणजे दोन काळ्या दगडांच्या मधोमध दाबून बसलेला लाल मातीचा पट्टा. कुठं हातभर जाड, कुठं दोन हात. रावजीच्या बापानं मरताना त्याला जमीन दिली नाही, दागिना दिला नाही, एवढंच सांगितलं की तांबडी लागली की पहार आडवी ठेवायची. उभी मारायची नाही. वरचं गोड पाणी तिनं पदरात धरलंय आणि तिच्या खाली खाडी आहे. मग रावजी त्या लाल मातीचा एक गोळा पाटीतून वर पाठवी, घरची बाई त्यानं तुळशीवृंदावन रंगवी, नारळ फुटे आणि विहीर पुरी झाली असं समजायचं. या रिवाजाबाहेर तो कधी गेला नाही.

यावरून त्याचं आणि शेजारच्या हरेश्वरचं एकदा चांगलंच वाजलं होतं. हरेश्वरच्या वाडीतली विहीर तांबडीपर्यंत गेली, पाणीही बरं होतं, पण हरेश्वरला समाधान हा प्रकार जन्मतः नाही.

"आनखी हातभर जा," तो वरून म्हणाला.

"न्हाय जात."

"अरं, ती तांबडी तुजी सासू हाय का रं, हात लावायला भितोस?"

"सासू असती तर मारली आस्ती पहार," रावजी खालून म्हणाला. कठड्यावरची माणसं हसून हसून खाली पडायची राहिली. त्यात रावजीची सासूही होती. रावजी मात्र वर आला, पहार खांद्यावर टाकली आणि घरी गेला. पुढं कितीतरी दिवस हरेश्वर गावभर सांगत फिरत होता, याला खोल जायची धमक नाही म्हणून.

रावजीची नात ऋतिका अलिबागच्या कॉलेजात भूगोल शिकते. ती एका सुट्टीत आली आणि तिनं वृंदावनाच्या लाल रंगावर नख ओढून आजोबाला सांगितलं, की फार पूर्वी इथं जमिनीतून वितळलेला दगड वाहत आला आणि गार झाला. मग हजारो वर्षं ऊन-पाऊस खाऊन त्याचा मुरूम झाला, मुरुमाची माती झाली. त्या मातीवर पुन्हा तापलेला दगड वाहत आला. खालची माती भट्टीतल्या विटेसारखी भाजली. तीच ही तांबडी.

"म्हंजी कुनाचं तरी शेत व्हतं म्हन की," रावजी म्हणाला.

"माणूसच नव्हता आजोबा तेव्हा. सहा-साडेसहा कोटी वर्षं झाली."

रावजीनं वृंदावनावर तळवा ठेवला. मग म्हणाला, "मंग येवढी चांगली माती कुनासाटी केली व्हती?" ऋतिकाला हसू आलं.

आता रावजीच्या स्वतःच्या विहिरीकडं येऊ. त्याच्या सासऱ्याची छोटीशी सुपारीची वाडी बायकोच्या, मनुबाईच्या, नावावर आली होती. विहीर रावजीनंच लग्नानंतर खणलेली. निसर्ग चक्रीवादळात ती वाडी एका दुपारी झोपली. सुपारीची झाडं काड्यांसारखी मोडली. गावात बऱ्याच जणांनी सुपारीचा नाद सोडला, कारण सुपारी लावायची म्हणजे सहा-सात वर्षं नुसतं पाणी घालत बसायचं. मनुबाईनं सोडला नाही. तिनं सावलीला केळी लावल्या आणि केळींच्या आडोशाला नवी रोपं. उन्हाळ्यात आपल्या पोटाआधी रोपांना पाणी. कुठल्या रोपाचं पान कधी उलगडलं ते तिला नातवंडांच्या दातांसारखं पाठ होतं. यंदा त्यांची बुडं पोटरीएवढी झाली होती, कांडी सुटली होती.

"दसऱ्यापत्तुर एकाला तरी पोय येनार, फुलोरा धरनार बगा," ती म्हणाली. "पयली सुपारी हिंगलाज देवीला."

आणि यंदाच चैत्रात पाणी आटलं. पंप हवा ओढू लागला. तळाला उरलेलं पाणी बादलीत भरेना, तांब्यानं भरावं लागे. मनुबाई स्वतः खाली उतरून ते भरू लागली. गुडघे धरलेली बाई, कपारीला धरून चढताना तिचा श्वास वाडीभर ऐकू येई. रोपांची खालची पानं माना टाकू लागली. एक दिवस ती वर आली, कळशी खाली ठेवली आणि म्हणाली, "साऱ्या गावाला पानी दिलंत तुमी."

एवढंच बोलून तिनं कळशी पुन्हा उचलली आणि रोपांकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावजी पहार घेऊन उतरला. तांबडी फोडायची असं त्याच्या मनातही नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. तांबडीतच ढोपरभर खड्डा घ्यावा, त्यात पाझर साठेल, पंपाचा पाय बुडेल, एवढाच हिशेब. जन्मभर पाहिलेल्या तांबड्या हात-दोन हात जाड. ढोपरभर खड्ड्यानं काय होणार? पण आजवर त्यानं तांबडी फक्त वरून पाहिली होती. फोडली कधीच नव्हती, तर त्या कोपऱ्यात ती भाकरीएवढी पातळ आहे हे त्याला कोण सांगणार? तिसऱ्या का चौथ्या घावाला पहार हातातून निसटल्यासारखी आत गेली. आवाज आलाच नाही. आणि भोकातून गार पाणी उसळून त्याच्या पायांवर आलं.

वर एकच आनंद झाला. पाणी बघता बघता कमरेला लागलं, रावजीला दोरानं ओढून काढावं लागलं. मनुबाईनं येईल त्याच्या हातावर गूळ ठेवला. हरेश्वर आला, आत डोकावला आणि म्हणाला, "सासूबाई पावल्या म्हन की शेवटी." सगळे हसले. रावजीही हसला. त्याच दुपारी पंप लावून वाडी भिजवली. रोपांच्या बुडाशी पाणी उभं राहिलेलं पाहून मनुबाई केळीखाली बसली आणि तिथंच तिचा डोळा लागला.

संध्याकाळी रावजी विहिरीवर गेला तर पाणी हातभर उतरलेलं. त्यानं मनाची समजूत घातली, पंपानं ओढलं असेल. सकाळी पाहिलं तर चढलेलं. दुपारी पुन्हा उतरलेलं. तो तसाच उठला आणि खाडीच्या काठावर जाऊन उभा राहिला. ओहोटी लागली होती, होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. तो तिथंच बसला. भरती आली, होड्या सरळ झाल्या, तेव्हा परत येऊन विहिरीत बघितलं. पाणी चढत होतं.

मग त्यानं ओंजळ भरून तोंडात घातली. खारट. पण थुंकली नाही. गिळली.

पुढं त्यानं काय काय नाही केलं. ओहोटीला उतरून भोकात चिकणमाती ठोकली, भरतीनं ती वर आणून दिली. सिमेंट भरलं, तर बाजूनं पाझर. दुसऱ्या विहिरीची तांबडी आणून चेचून बसवली, तिचा नुसता लाल राडा झाला. शेवटी अलिबागला फोन लावला.

"रितू, ती तांबडी पुन्ना धरंल का गं?"

"आजोबा, तिच्यावर आगीचा दगड बसला होता. तशी हातानं नाही बसत."

"आपनहून?"

ती म्हणाली, "ते आपल्या मोजण्यातलं नाही."

"तरी पन," रावजी म्हणाला. तिच्या रडण्याचा आवाज आला तसा त्यानंच फोन ठेवला.

रोपांची पानं आधी टोकांना करपली, मग कडांनी, मग कणा तेवढा हिरवा राहिला. हरेश्वरनं न सांगता आपल्या विहिरीवरून पाइप टाकून दिला. त्याची विहीर गोड होती. गावातल्या सगळ्याच गोड होत्या, रावजीनं खणलेल्या. हरेश्वर सासूचं काही बोलला नाही. पाइप जोडून, खाली मान घालून निघून गेला. रावजीला तेच सोसलं नाही. त्या पाण्याचाही उपयोग झाला नाही. मीठ मुळांत बसलं होतं. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली, पाणी गोड लागलं, मनुबाईनं एका कांडाला नख लावून पाहिलं. आत कोरडा भुसा. दसरा आला आणि गेला. दिवाळीपर्यंत विहीर पुन्हा भरती-ओहोटीनं चढू-उतरू लागली.

आता रावजी कुणाची विहीर खणत नाही. लोक बोलवायला येतात, तो चहा पाजून परत पाठवतो. रोज सकाळी मात्र विहिरीत तांब्या सोडतो, एक घोट घेतो आणि उरलेलं तसंच घेऊन दारात येतो. मनुबाई विचारत नसे. परवा तिनं विचारलं.

"कसं हाय?"

"खारं जरा कमी हाय आज," रावजी म्हणाला.

तिनं त्याच्या हातून तांब्या घेतला. दारातच लाल वृंदावन आहे, त्यातल्या तुळशीला ती हरेश्वरकडची कळशी आणून घालते. तुळस ओलांडून ती वाडीत गेली आणि तांब्यातलं पाणी वाळक्या सुपारीच्या बुडाशी घातलं, सावकाश, सगळीकडून भिजेल असं. मग रिकामा तांब्या त्याच्या हातात आणून दिला.

"उद्या आनखी कमी आसंल," ती म्हणाली.