हैदराबादला गेलेला भाचा सिंगापूरला दिसला तेव्हा...

परवा दुपारी तिसगावला ताईकडे गेले होते. तिनं नुकताच चहा ओतला होता आणि तिचा मोबाईल वाजला... तो चहा शेवटी तसाच मोरीत गेला.

स्क्रीनवर सूचना होती. तुमचं ईमेल अकाउंट एका नवीन लॅपटॉपवर उघडलं गेलंय. ठिकाण, सिंगापूर!

ताईच्या अख्ख्या घराला ईमेल एकच आहे. पोराच्या निकालापासून गॅसच्या बुकिंगपर्यंत सगळं त्याच्यावरच. भाऊजी ऊसतोडीला गेलेत, त्यांच्याकडे साधा फोन. म्हणजे ते उघडणारा राहिला एकटा सागर, माझा भाचा... आणि तो आदल्याच दिवशी एका एजंटाच्या ओळखीनं मुलाखतीला हैदराबादला गेलेला. त्याच्याकडे लॅपटॉपही नाही.

त्याला फोन लावला, बंद. परत लावला, बंद. "रेंज नसंल गं," ताई म्हणाली खरी, पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

नोकरीच्या नावाखाली पोरांना परदेशात नेतात, कोंडून ठेवतात, लोकांना फसवणारे फोन करायला लावतात... हे आपण सगळेच ऐकतो. मी विचारलं, सागरचा पासपोर्ट आहे का? ताई म्हणाली, "हाय की. त्या एजंटानंच काढाय लावला हुता. पुढं कामाला यील म्हनला."

मेला तो एजंट! मी तिथेच त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

सूचनेखाली मोबाईल विचारत होता, हे तुम्हीच आहात का? हो की नाही? 'नाही' दाबलं की पलीकडे उघडलेलं अकाउंट तिथं बंद होणार. चोर असेल तर आत्ताच हाकलावा म्हणून मी बोट पुढे नेलं, तोच ताईनं मोबाईल हिसकावून घेतला.

"हात लावू नगंस! चोर असला तर असू दे. पन त्योच असला तर? येवढी एकच खूण हाय त्याची... ती बी तोडू का मी?"

बाई गं... शेवटी पोलीस चौकीला जायचं ठरलं. ताईनं सागरचा एक फोटो घेतला, पायात चपला घातल्या आणि मी दाराला कडी लावतेय तोवर अनोळखी नंबरवरून फोन आला.

सागरच! मोबाईल लॉजवरच्या बादलीत पडला म्हणे. मुलाखत देऊन आल्यावर कागदपत्रं पाठवायला त्यानं रूममधल्या पोराचा लॅपटॉप घेतला आणि आता त्याच्याच फोनवरून बोलत होता. नंबर एकच पाठ, आईचा.

"आणि सिंगापूर रे, मुडद्या?" मी ओरडलेच.

तर तो हसायला लागला. त्या पोराच्या ब्राउझरमध्येच व्हीपीएन होतं आणि ते कायम चालू असायचं. लॉजच्या वायफायवर कुणी डोकावू नये म्हणून. ते सुरू असलं की आपण बसलेले एकीकडे आणि वेबसाइटला दिसतो भलतीकडेच. "चांगलं असतंय मावशी, सेफ असतंय," वर मलाच शिकवतोय! माझं डोकं असं फिरलं... समोर असता तर एक ठेवून दिली असती.

ताई मात्र एका शब्दानं रागावली नाही. फक्त म्हणाली, "जेवलास का?" तो हो म्हणाला. मग उंबऱ्यावरच मटकन बसली, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "सागऱ्या, जगाला कुठं बी दिस बाबा... मला हायेस तिथंच दिस."

पलीकडे सागरचं हसू थांबलं.

व्हीपीएन वाईट नाही हे आता मलाही कळलंय. अनोळखी वायफायवर जरूर वापरा. पण घरातून निघालेलं पोर नक्की कुठे आहे, हे एका माणसाला तरी खरं ठाऊक असू द्या... पोरगं सुखरूप आहे, देवाची कृपा.