घासलेली चांदी

मी रत्नागिरीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा नॅनो हा शब्द नुकताच सगळ्यांच्या तोंडी आला होता. आमच्या विभागप्रमुखांनी ठरवलं, पाण्याच्या फिल्टरमधल्या साध्या पांढऱ्या कँडलवर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा थर चढवायचा. वीज नको, औषध नको, विहिरीचं पाणी पिण्याजोगं. थर चढवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. तो नीट बसला की कँडल पिवळट तपकिरी दिसे.

हातखंब्याजवळच्या एका वाडीत आम्ही पाच घरांत असे फिल्टर दिले. महिन्याने पाणी तपासलं. पाणी दूषित असेल तर तपासणीच्या बाटलीत ते दोन दिवसांत काळं पडतं. चार बाटल्या स्वच्छ, एका काकूंची काळीकुट्ट. मी त्यांना नवी कँडल बसवून दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा काळी.

"तुमचा थरच टिकत नाहीये," सर म्हणाले.

दोन आठवडे मी प्रयोगशाळेत तेच तेच करत बसले. थर छान टिकत होता. शेवटी वैतागून एका सकाळी न कळवताच वाडीत गेले. काकू मागच्या पडवीत बसून राखेने आणि काथ्याने कँडल खसाखसा घासत होत्या.

"काकू, हे काय करताय?"

"डाग जाईनात गो. रोज घासतेय, तेव्हा कुठे पांढरी झाली."

"ते डाग नव्हते. ती चांदी होती."

"चांदी पिवळी असते होय?"

कण फार बारीक झाले की रंग बदलतो, असं काहीतरी मी सांगू लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पयल्या दिवशी नुसतं नॅनो नॅनो करत होतीस. घासू नको, एवढं बोलली असतीस तर मी कशाला घासली असती?"

माझी आणखीच चिडचिड झाली. तिसरी कँडल बसवली आणि पाचही घरांत बजावून आले, हिला घासायचं नाही.

महिन्याने काकूंची बाटली स्वच्छ निघाली. त्यांच्या शेजारणीच्या फिल्टरमधून मात्र थेंबही गळत नव्हता. कँडलवर लाल गाळाचा जाड लेप बसला होता.

"धुतली नाहीत कधी?"

"तुम्हीच बोललात ना, हात लावायचा नाही म्हणून."

मी ओढणी कमरेला बांधली आणि तिच्या मोरीत बसून, नुसत्या पाण्याने कँडल कशी धुवायची ते दाखवू लागले. काकूही बघायला आल्या होत्या.

"हळू गो," त्या मला म्हणाल्या, "चांदी जाईल."