दर मिनिटाला एक शोध

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे काटकसरेबाई म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे, कमाई होती. पेशंटचे जुने कागद शोधून देणारं यंत्र त्यांच्या ताब्यात होतं आणि त्याच्या मेमरीतली चिमूटभर जागाही त्या वाया जाऊ देत नसत.

यंत्र येण्याआधी बाई याच खोलीत कारकून होत्या. मागे छतापर्यंत रॅक, पुढे एक टेबल. टेबलावर चाळीस फायली मावत. आज मागितलेली फाईल टेबलावरच राहायची, कारण ती पुन्हा मागितली जाणार हे ठरलेलं. नवी आली की सगळ्यात जास्त दिवस कुणी न विचारलेली रॅकवर परत जायची. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा शिकवायला आलेल्या इंजिनिअरने अर्धा तास फळ्यावर चौकोन काढून कॅशे म्हणजे सारखे लागणारे कागद हाताशी ठेवायची जागा, हे समजावलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे माझं टेबलच की." इंजिनिअरचं तोंड बघण्यासारखं झालं. मेमरी म्हणजे टेबल, डिस्क म्हणजे रॅक, एवढ्या शिदोरीवर बाईंनी अकरा वर्षं निभावून नेली. चांगली नेली, हे मान्य करायला हवं.

यंत्र ठीक चाललंय ना हे कळावं म्हणून त्यांनी एक पहारा बसवला होता. यंत्र दर मिनिटाला आपण होऊन एका पेशंटचे कागद शोधायचं आणि किती वेळ लागला तो आकडा बाईंच्या पडद्यावर यायचा. त्यासाठी कुठला तरी नंबर हवा होता. बाईंना एकच पाठ होता, बाबांचा. त्या दिवसांत बाबा वरच्याच वॉर्डात होते. चार वर्षांपूर्वी ते गेले, पण नंबर बदलायचा राहून गेला. खरं सांगायचं तर बदलावासा वाटला नाही. आकडा मात्र कायम हिरवागार असायचा: पाव सेकंद.

त्यामुळे तातडीच्या काउंटरवरच्या सिस्टरचा फोन आला की बाईंचं उत्तर तयार असे.

"बाई, कागद उघडतच नाहीत हो लवकर."

"माझ्याकडे पाव सेकंदात उघडतात."

"मग पेशंट तुमच्याकडेच पाठवते. एकदा इथे येऊन बघा तरी."

"हात मोकळा झाला की येते."

तीन महिने झाले, हात काही मोकळा झाला नाही. सिस्टरच नीट टाईप करत नसतील, अशी बाईंनी मनाची समजूत घालून घेतली होती. स्वतःच्या आकड्यावर इतका विश्वास असला की माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांवर ठेवत नाही.

मग एका सकाळी सिस्टर स्वतःच दारात उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"आत्ता एका आजोबांसाठी इंजेक्शन भरून तयार होतं. ते औषध त्यांना चालत नाही, तुमच्या कागदात लिहिलंय तसं. कागद उघडला चाळीस सेकंदांनी. डॉक्टर थांबले म्हणून वाचले. उद्याचे थांबतीलच असं नाही."

 बाई चष्मा न घेताच उठल्या, अर्ध्या वाटेवरून परत आल्या आणि चष्मा घेऊन गेल्या.

काउंटरवर सिस्टरनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. समोर एक पेशंट धापा टाकत होता, शेजारी त्याची बायको. बाईंनी त्याचा नंबर टाकला. पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं. त्याची बायको चक्राकडे बघत होती, बाई बायकोकडे. आतून डॉक्टर विचारत होते, "काय चालत नाही याला? सांगा लवकर." बाई मनात मोजत होत्या. एकतीसला कागद उघडला. माणसाला सगळी औषधं चालत होती, देवाची कृपा.

मग सवयीने बोटांनी बाबांचा नंबर टाकला. पापणी लवायच्या आत कागद समोर.

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. यंत्रच दर मिनिटाला बाबांना बोलवत होतं, म्हणून बाबांची फाईल टेबलावरून कधी हललीच नव्हती. चार वर्षं बाई टेबलावरच्या एकाच फायलीवर हात ठेवून म्हणत होत्या, रॅक जवळच आहे.

बाकीचं कोडं मग तासाभरात सुटलं. तीन महिन्यांपूर्वी एक्स-रेचे फोटो कागदांना जोडले गेले होते. आता प्रत्येक फाईल टेबलावर येताना आपली ट्रंकही घेऊन येत होती. दहा-बारा ट्रंका आल्या की टेबल भरलं, आणि सकाळी आलेल्या पेशंटचे कागद दुपारच्या आत रॅकवर. बाईंनी यंत्राला सांगितलं, मेमरीत फक्त पहिलं पान ठेव: रक्तगट, चालू औषधं, न चालणारी औषधं, शेरा. फोटो कुणी मागितला तरच आण. त्याच जागेत आता हजारो पानं मावू लागली. पहाऱ्यासाठी त्यांनी दर मिनिटाला वेगळा नंबर निवडायला लावला. बाबांचा नंबर यादीतून काढताना मात्र त्यांचा हात जरा थांबला.

महिन्याभरात सिस्टरचे फोन बंद झाले. एकदाच आला, "चहाला या," म्हणून. बाई गेल्या.

त्यानंतरच्या एका दुपारी बाईंनी बाबांचा नंबर टाकला. चक्र फिरू लागलं. महिनाभरात कुणी विचारलं नव्हतं, बाबा रॅकवर गेले होते. चार सेकंद लागले. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की रोज आकडा बघितला, कागद एकदाही वाचला नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं पान वरून खाली वाचलं. रक्तगट, औषधं, सगळं माहीत असलेलं. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात वॉर्डातल्या कुणीतरी लिहिलं होतं: "मुलगी तळमजल्यावर रेकॉर्डला. कामात असते, बोलावू नका, असं पेशंटचं म्हणणं."