दिलदारचाचांचा बेंजो स्टुडिओत

खरं सांगू, हे लिहायचं मी रद्दच केलतं. टाईप करून पुसलं बी. वाटलं, आपण रडत रडत लिहिणार, आणि गोष्ट तर हसायची हाय. पण काल परत ते गाणं लागलं आणि राहवलं न्हाय. तर ऐका.

उचगावात दिलदारचाचांचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान हाय. आता मिक्सर, पण आधी चाचा म्हणजे बेंजो. वरात असो की गणपतीची मिरवणूक, चाचा गाड्यावर बसून डाव्या हातानं टाईपरायटरसारखी बटणं दाबत उजव्यानं तारा छेडायला लागले की नवरदेवाचं घोडंसुद्धा पाय आपटायचं. मग मोठमोठ्या स्पीकरच्या भिंती आल्या, चाचांची बेंजो पार्टी फुटली आणि बेंजो चादरीत गुंडाळून फळीवर गेला.

अंतरा माझ्याच वर्गातली. ती आणि दत्तप्रसाद, दोघांचा 'तुरा' नावाचा बँड. इलेक्ट्रॉनिक, सगळं लॅपटॉपवर. पहिला अल्बम ऐकून दत्तप्रसादच्या आईनं विचारलेलं, "फ्रीज बिघडलाय का रे?" आता दुसरा अल्बम चाललेला, नाव 'वरात', आणि शेवटचं गाणं काही केल्या जमत नव्हतं. त्यात अंतराच्या घरचा मिक्सर जळला. दुकानात फळीकडं बघून ती म्हणाली, "चाचा, तो बेंजो वाजतो?"

"न्हाय, त्यात मी कांदं ठेवतो."

"आमच्या अल्बममधी वाजवशीला का?"

"बघू," म्हणाले चाचा, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगून मोकळे. केस कापले, तारा बदलल्या. पण इतकी वर्षं वाजवलं न्हवतं. हात गेला असला तर? गल्लीत काय तोंड दाखवायचं हे नंतरचं, स्वतःला काय सांगायचं?

स्टुडिओ म्हणजे कसबा बावड्यातल्या फ्लॅटची एक खोली, भिंतींना गाद्या लावलेल्या. चाचांची बायको हुसेनबीचाची डबा घेऊन बरोबर आलेल्या. चाचांच्या कानाला हेडफोन, त्यात नुसतं टिक टिक टिक, आणि त्या टिकटिकीवर वाजवायचं. सूर बरोबर लागला, पण मेलेला. परत वाजवलं. परत तेच. दत्तप्रसाद भला पोरगा, म्हणाला, "छान झालं चाचा, मी ॲडजस्ट करतो." ते ॲडजस्ट चाचांना लागलं. हेडफोन काढला आणि चादर शोधायला लागले.

"हात गेला, पोरा. दुसरा कुणीतरी बघा."

चाची डबा उघडता उघडता म्हणाल्या, "हात कुठं जातोय. ह्या माणसानं जन्मात भिंतीकडं बघून वाजवलंय का कधी? नाचणाऱ्यांचे पाय बघून वाजवतोय हा. अंतरा, तुझ्या त्या सायबाला उठीव, नाचू दे."

दत्तप्रसादचे वडील हेडमास्तर. वरातीत हा कायम कडेला, लोकांच्या पिशव्या सांभाळत. "मला नाचता येत नाही, चाची."

"न येणाराच बरा," चाचा हळूच म्हणाले. "त्याच्याकडं बघून वाजवायला मजा येती." आणि परत बसले.

दत्तप्रसाद नाचायला लागला. काय सांगू तुम्हाला. हात सायकलचं हँडल धरल्यागत, पाय भलतीकडंच. चाचांची नजर त्या पायांवर. पाय अडखळला की चाचा रेंगाळायचे, सावरला की पुढं ढकलायचे. अंतरानं ओढणी कमरेला बांधली आणि तीबी घुसली. चाची डब्याच्या झाकणावर चमच्यानं ठेका धरून "व्हय की, आता कसं" म्हणायला लागल्या, आणि चाचांचा हात जो सुटला, जो सुटला, टिकटिक कुठल्या कुठं गेली.

थांबले तवा दत्तप्रसाद फरशीवर आडवा. "चाचा, स्पीड सारखा नव्हता."

चाचांचा चेहरा उतरला. "मग?"

"मग काय. मशीनला तुमच्या मागनं चालायला लावतो."

गाण्यात सगळं तसंच ठेवलंय, पाय, झाकण, शेवटची धाप. अल्बम आला त्या दिवशी चाचांनी दुकानात ऐकला, गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि ह्यांनी तेच गाणं परत परत लावलं. मग चाचीला फोन केला आणि एवढंच म्हणाले, "हात हाय माझा."

आता दोन मंडळांनी त्यांना मिरवणुकीला बोलावलंय. गणपती जवळ आले की चाचा दुकानात सापडणार न्हाईत. म्हणून ह्याच आठवड्यात उचगावला जावा. मिक्सर चांगला असला तरी जावा. ते खेकसतील, "काय काम हाय, पावणं?" बेंजो ऐकायचाय म्हणून सांगा. पण लवकर जावा.