काचेखालची कावळ्याची गोष्ट

माझं अक्षर चांगलं होतं. त्या पत्रात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. हे लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

सत्तर सालाच्या मागेपुढे आम्ही जळगावला राहत होतो. आबा जिनिंगमध्ये फिटर. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आईच्या आजारपणात चौथीनंतर तिची शाळा सुटली, ती सुटलीच. उन्हाळ्यात आई ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे जाड पापड, घालायची. गच्चीवर धोतरं पसरून त्यावर ओले बिबडे, आणि कावळे हाकायला काठी घेऊन अक्का. मी छत्रीखाली तिच्याजवळ बसायची. काठी हलवता हलवता ती गोष्टी सांगायची, आणि त्या तिच्या तिनंच रचलेल्या असायच्या. त्यातली एक अशी : एक कावळा वाळलेल्या बिबड्याला तोंड लावत नाही, ओलाच पळवतो, कारण त्याची आई म्हातारी झालीय, तिला कडक काही चावत नाही. शेवटी राखणारी मुलगीच त्याच्यासाठी रोज एक बिबडा ओला ठेवू लागते.

धुळ्याला तेव्हा मुलांसाठी लिहिणारे एक लेखक राहत. रेल्वेत पार्सल क्लार्क होते. मुलांच्या प्रत्येक पत्राला ते उत्तर देतात असं बाईंनी वर्गात सांगितलं, पत्ता फळ्यावर लिहिला. मी सातवीत होते. घरी आले, अक्काची ती गोष्ट जशीच्या तशी उतरवली, वर लिहिलं ‘मी रचलेली गोष्ट’, आणि खाली माझं नाव.

पंधरा दिवसांत कार्ड आलं. पोस्टमनच्या हातून मीच घेतलं. चार ओळी होत्या. ‘गोष्ट फार आवडली. पण मध्येच लिहिलं आहेस, “ऐकतेस का ग, की झोपलीस?” म्हणजे सांगणारी दुसरी कुणी आहे आणि तू ऐकणारी. ती कोण, ते कळव. एखाद्या रविवारी तिला घेऊन ये, मी घरीच असतो. ती शाळेत जात नसेल तर तुझ्या वडिलांशी मी बोलेन.’

मी इतकी नीट उतरवली होती की तिचं मला हटकणंसुद्धा उतरवलं होतं.

कार्ड मी भूमितीच्या वहीला घातलेल्या कव्हरात सरकवलं. कुणाला दाखवलं नाही, उत्तरही दिलं नाही. वर्गात माझी गोष्ट म्हणून ती मी वाचून दाखवली होती, बाईंनी पाठ थोपटली होती. एवढ्यासाठी. दुसरं कारण शोधायला गेले तर सापडत नाही.

दोनेक वर्षांत लेखक वारले. भाच्यानं त्यांच्या घराच्या दोन खोल्यांत त्यांच्या वस्तू मांडल्या आणि ज्या मुलांची पत्रं काचेखाली ठेवली त्यांच्या घरी निमंत्रणं धाडली. आबांनी ते निमंत्रण चहाच्या वेळी मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

“कुठलं पत्र ग?” अक्कानं विचारलं.

“असंच. पुस्तक आवडलं म्हणून.”

तिचं लग्न पाचोऱ्याला ठरलं होतं, दिवाळीनंतरचं. लग्नाआधी सगळे मिळून एकदा जाऊन येऊ, म्हणून रविवार ठरला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आम्ही एसटीत बसलो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. आई धुळ्याकडची, तिला माहेरचा वारा लागला की अहिराणीच यायची. “बठ्ठा लोकेस्ले दाखाडसू, मनी पोरनं पत्र शे म्हणीसन,” ती शेजारच्या बाईला सांगत होती; पोरीचं पत्र ती सगळ्या लोकांना दाखवणार होती. मी पोटात दुखतं म्हणून पाहिलं. आबा म्हणाले, “पुस्तकातल्या माणसाच्या घरी जायचं म्हटलं की दुखणारच. उतरल्यावर सोडा पाजतो.”

खोल्या लहान होत्या. खुंटीला काळा कोट, टेबलावर चष्मा, मुलांना द्यायच्या गोळ्यांची बरणी. भिंतीलगत काचेची लांब पेटी आणि तीत पत्रं. माझं अक्षर मला दारातूनच ओळखू आलं. मी पुढे होऊन त्याच्यावर झुकून उभी राहिले, दोन्ही कोपरं काचेवर टेकून.

“सरक की, आम्ही काय तुझी वेणी बघायला आलो?” आबा म्हणाले.

सरकले. तेव्हा मला दिसलं ते दारातून दिसलं नव्हतं. पार्सल ऑफिसातली सवय असेल, लेखक प्रत्येक पत्राच्या समासात लाल पेन्सिलीनं नोंद करत. माझ्या पत्राच्या समासात होतं : ‘उत्तर दिले. गोष्ट सांगणारी कोण, ते विचारले.’

अक्का वाकली. तिला वाचता यायचं, पण बोट ठेवून, सावकाश. काचेवर तिचं बोट पहिल्या ओळीवर आलं. कावळा. दुसऱ्या ओळीवर आलं. मग ते थांबलं.

“तूच वाच ना मोठ्यानं,” ती म्हणाली. “तुझं आहे.”

मी वाचलं. “ऐकतेस का ग, की झोपलीस?” आलं तेव्हा आबा खो खो हसले. “अरे, ही तर आपल्या अक्कीसारखं बोलते!” आई म्हणाली, “बहिनी शेतीस, बोलतीसच तशा.” मी शेवटपर्यंत आले.

“आणि ते लाल?” अक्कानं विचारलं.

“उत्तर दिले,” मी वाचलं. “अक्षर सुंदर.”

तिचं बोट लाल अक्षरांवर होतं. ते तिथून हललं नाही. एकेक अक्षर करत ते समासाच्या टोकापर्यंत गेलं, आणि मी ते जाताना पाहत राहिले.

एवढ्यात लेखकांचे भाचे आले. मामांच्या नोंदी त्यांना पाठ होत्या. “हेच ते पत्र! मामांनी याच्या उत्तराची फार वाट पाहिली हो. तुम्ही कळवलंच नाही.”

“काय कळवायचं होतं?” आबांनी माझ्याकडे वळून विचारलं. हसू तोंडावरच होतं, पण डोळे बारीक झाले होते.

भाच्यांनी काचेकडे बोट केलं तेवढ्यात अक्का मध्ये आली आणि पदर सावरत म्हणाली, “पुढच्या खेपेला दुसरी गोष्ट पाठव म्हणाले असतील. हिचा आळस तुम्हाला माहीतच आहे, आबा. चला, चारची गाडी चुकेल.”

आबांनी घड्याळ पाहिलं आणि आम्ही निघालो.

परतताना तिनं मला खिडकी दिली. पारोळ्याच्या पुढे आई-आबा पेंगले. अक्कानं माझ्या कानाशी हळूच विचारलं, “ऐकतेस का ग, की झोपलीस?”

मी डोळे मिटून घेतले. श्वाससुद्धा झोपेतल्यासारखा घेतला. तिनं एकदाच विचारलं.

पुढे किती वर्षं गेली. ती पाचोऱ्यात, मी जळगावात. सणावाराला भेटत होतो, हसत होतो, तिनं विषय काढला नाही आणि मीही नाही. भूमितीची वही रद्दीत गेली, कार्ड मात्र मी जपून ठेवलं. जपून ठेवलं म्हणणंही खोटंच. टाकायची हिंमत झाली नाही.

गेल्या महिन्यात ते घेऊन तिच्याकडे गेले. ती मेथी निवडत बसली होती. कार्ड तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, “हे तुझं आहे.” तिनं ओल्या हातांना पदर लावला, चष्मा चढवला, बोट ठेवलं. मी वाचून दाखवते म्हटलं नाही. चार ओळींना तिला बराच वेळ लागला. मग ती पहिल्या ओळीवर परतली आणि पुन्हा एकदा वाचलं.

“रविवारी,” ती म्हणाली. “सकाळची एसटी मिळाली असती आपल्याला. संध्याकाळी परत.”

मग कार्ड तिनं मांडीवर ठेवलं, आणि मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली.