रविवारचं सारवण

माझ्या चुलतभावाचं शेत देवगाव रंगारीच्या अलीकडं आहे. तीन वर्षांपूर्वी त्यानं त्यातली कपाशी उपटली आणि सात तंबू ठोकले. तंबू म्हणायचे ते नावाला. आत एसी, गरम पाण्याचा नळ, पलंगावर टॉवेल वळवून केलेला हंस. पाहुणे वेरूळची लेणी बघून दुपारी गाड्यांतून उतरायचे आणि "काय शांतता आहे!" असं इतक्या मोठ्यानं म्हणायचे की बांधावरचे बगळे उडायचे. जेवताना त्यांना विहिरीचं पाणी म्हणून माठातलं पाणी मिळायचं. शहरातून आलेला जार त्या माठात उपडा करताना मी स्वतः पाहिलाय.

मी शहरात, औरंगपुऱ्यात विम्याच्या कचेरीत नोकरी करते. गावाकडं जाते ती आईसाठी. वडील गेल्यापासून ती देवगावच्या घरी एकटीच असते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं ते घर दर आठवड्याला सारवलं. शेण गोळा करायचं, कालवायचं, उकिडवं बसून मागं मागं सरकत हात फिरवायचा. थंडीत तिच्या बोटांना भेगा पडायच्या. मला नोकरी लागल्यावर मी घरात शहाबादी फरशी बसवून घेतली, त्या दिवशी आई दुपारभर फरशीवर नुसती आडवी पडून होती. झोपलीस का म्हणून विचारलं तर म्हणाली, "नाय गं. बघतेय."

त्याच आईला गेल्या हिवाळ्यात हा चुलतभाऊ बोलवायला आला. मी शनिवारची गावाला गेलेले होते. पाहुण्यांसाठी त्यानं एक झोपडी बांधली होती आणि दर रविवारी सकाळी तिथं 'सारवण्याचा अनुभव' ठेवला होता. आधी योगासनं, मग सारवण, मग हुरडा, असा छापील कार्यक्रमच होता.

"काकू, तू फक्त दाखवायचं. पाच मिन्टं," तो म्हणाला आणि एक पिशवी पुढं केली. पिशवीत नऊवारी होती. शिवलेली, कमरेला नाडी लावलेली.

आईनं ती उलटीपालटी करून बघितली. "हे लुगडं हाय का परकर?"

"फोटोत चांगलं दिसतं, काकू."

"नऊवारी माझी सासू नेसायची. मी कधी नेसले नाय, आता तुझ्या फोटोसाठी नेसू व्हय?"

मला वाटलं, आता ती त्याला वाटेला लावणार. पण घरातलं पोरगं दारात आलंय, त्याला नाही कसं म्हणायचं, हा तिचा जुना रोग. सकाळी तिनं नेहमीची पाचवारी नेसली, वर माझा जुना स्वेटर घातला आणि माझ्या स्कूटीवर मागं बसली.

झोपडीच्या दारात माझी वहिनी, म्हणजे भावाची बायको, काठापदराची साडी नेसून गवती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ओठांना गडद लाली, नाकात मोठी नथ. पाहुण्यांना कमरेत वाकून नमस्कार करत होती. ती माझ्या मनातून आधीच उतरलेली होती, त्या दिवशी आणखी उतरली.

आई आत गेली, खाली बसली आणि नखानं जमीन खरवडली. वरची माती निघाली आणि खाली राखाडी सिमेंट दिसलं.

"याच्यावर शेण धरायचं नाय रे," ती भावाला म्हणाली. "दोन दिसांत पापुद्रे निघतील."

"दोन दिवस टिकलं तरी लई झालं," तो हळूच म्हणाला. "हे लोक आज संध्याकाळी जाणारेत."

तेवढ्यात पाहुणे आले. दहाबारा जण, बहुतेक पुण्याचे. एक बाई पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होत्या. सगळ्यांच्या हातात निळे रबरी हातमोजे.

आई म्हणाली, "मोजे काढा. शेणात काटा असतो, खडा असतो. हाताला कळलं पाह्यजे."

चौघांनी काढले. बाकीच्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. आईनं दोन हात फिरवून दाखवले, एकात एक अडकलेल्या कमानींसारखे. पांढऱ्या कपड्यांतल्या बाई डोळे मिटून म्हणाल्या, "हे तर मेडिटेशन आहे. तुम्हाला किती शांत वाटत असेल ना, काकू?"

"माझे गुडघे दुखतात," आई म्हणाली.

सगळे हसले. त्यांना वाटलं, काकूंनी विनोद केला. मग प्रत्येकानं वीतभर जागा सारवली आणि त्याचा फोटो काढून घेतला. एकानं बायकोच्या गालाला शेणाचं बोट लावलं, त्याचाही फोटो झाला. पंधरा मिनिटांत हुरड्याची हाक आली आणि झोपडी रिकामी झाली. पाऊण जमीन तशीच. शेण कोपऱ्याकोपऱ्यांत सांडलेलं, त्यात बुटांचे ठसे.

भाऊ आत डोकावला. "काकू, एवढं उरलेलं ओढून टाक ना. दुपारी दुसरी बॅच हाय."

मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात मागून वहिनी आली. तिनं ट्रे खाली ठेवला, नथ काढून पदराला बांधली, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि आईच्या शेजारी उकिडवी बसली.

"उठा, काकू. मी करते. दर रविवारी मीच करते. पाहुणे गेले की खरवडायचं, नवे यायच्या आत परत सारवायचं."

एवढं बोलून ती सारवायला लागली. तिचा हात आईसारखाच चालत होता. बोटांना तशाच भेगा होत्या, मी त्या आधी कधी पाहिल्या नव्हत्या. तिला मी दोन वर्षं नटवी म्हणत होते. माझी मलाच शरम वाटली, आणि भावाचा राग दुप्पट झाला.

आई उठली नाही. तिनं भावाला हाक मारली. "बूट काढ. आत ये."

"अगं काकू, तिकडं पाहुणे..."

"पाहुणे खातात. तू बस हिथं. शीक."

चुलतीपुढं त्याचं काही चाललं नाही. पांढरा कुर्ता गुडघ्यांवर घेऊन तो बसला. पहिल्याच हाताला काटा लागला आणि तो ओरडला. "म्हणलं होतं ना, काटा असतो," आई म्हणाली आणि तिनं त्याला पुढची जागा दाखवली. ओरडणं ऐकून पाहुणे हातात हुरड्याचे द्रोण घेऊन दाराशी जमले. मालक स्वतः सारवतायत म्हटल्यावर सगळ्यांचे मोबाईल वर आले. "किती साधा माणूस!" त्या पांढऱ्या कपड्यांतल्या बाई म्हणाल्या. भावाला हसावं लागलं. घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबलेला, पुसायला हात मोकळे नाहीत, आणि तो कॅमेऱ्यांकडं बघून हसतोय. माझ्या आयुष्यात एवढा समाधानाचा हुरडा मी खाल्लेला नाही.

झालं असं, की तो व्हिडिओ पसरला. पुढच्या पाहुण्यांनी मालकाच्या हातचं सारवण बघायचा हट्टच धरला. चार रविवार त्याला बसावं लागलं. पाचव्या रविवारी कार्यक्रमातून सारवण गेलं आणि कुंभाराचं चाक आलं. आईशी तो अजून धड बोलत नाही. मधे कन्नडला एका लग्नात समोर आला, तर पंगतीची दुसरी बाजू धरून निघून गेला.

वहिनीचा मात्र आईला आठवड्याला फोन असतो. परवा मीच उचलला. पाहुणे अर्धवट मडकी टाकून जातात आणि चिखल पार भिंतींपर्यंत उडतो, असं ती सांगत होती.

"मग तो कोण आवरतं?" मी विचारलं.

"हेच," ती म्हणाली. "मी सांगितलं, मला चिखलाची ॲलर्जी हाय."