देव्हाऱ्यातलं नाणं

रविवारच्या जुन्या बाजारात नाणेवाल्याच्या पथारीपाशी मी उगाच उभा होतो. माझ्या पुढच्या बाईंनी रुमालाची गाठ सोडून कमळाचं पिवळं वीस पैशांचं नाणं काढलं. चिंचेनं घासून लख्ख केलेलं.

"सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "आता कुठं बघायलाही मिळत नाही. म्हणजे दुर्मिळच ना?"

नाणेवाल्यानं भिंग उचललंसुद्धा नाही. "ताई, सोन्यासारखं दिसतं म्हणून घरोघरी लोकांनी हे देवात ठेवलं. माझ्याकडंच डबाभर आहेत." मग त्यानं कागदाच्या पुडीतून एक साधं दहा पैशांचं नाणं काढलं. "हे असं कोरं मात्र शोधून सापडत नाही. रोज हातात यायचं, कोण कशाला ठेवतंय?"

बाई जराशा हिरमुसल्या. "मग परत देवातच ठेवते," म्हणाल्या आणि गाठ मारून निघून गेल्या.

मला त्या माणसाचं म्हणणं पटलं. नाणं किती जुनं, हा प्रश्नच नाही. ते किती जणांना ठेवावंसं वाटलं, एवढंच बघायचं.

घरी येऊन वडिलांच्या फोटोंची पेटी काढली. लग्नातले, सत्कारातले, शाल पांघरलेले वडील ढिगानं सापडले. विजारीच्या पायाला क्लिप लावून सायकलवर कामाला निघालेले वडील एकाही फोटोत नव्हते. रोजच तर निघायचे.